घराची गाडीवाट : पृष्ठभागाची निवड आणि खर्चाचा अंदाज

प्रस्तावना

नवे घर बांधताना फाटकापासून पोर्चपर्यंतच्या वाटेचा विचार बहुतेक कुटुंबे सर्वांत शेवटी करतात. तोवर हातातले पैसे संपत आलेले असतात, वास्तुशांतीची तारीख ठरलेली असते आणि ठेकेदार विचारतो, “पेव्हर ब्लॉक टाकू की कोबा करू?” मग चौरस फुटाचा भाव ऐकून निर्णय होतो. पहिल्या मोठ्या पावसात पाणी पोर्चमध्ये येते किंवा गाडीच्या चाकाखाली दोन चर पडतात, तेव्हा चूक लक्षात येते. तोवर तो खर्च वाया गेलेला असतो.

या घटकात आपण ही वाट कशी ठरवावी आणि तिचा खर्च कसा काढावा ते पाहू. उदाहरण म्हणून तामिळनाडूतील गुम्मिडिपूंडी हे गाव घेतले आहे. चेन्नईच्या उत्तरेस पंचेचाळीस-पन्नास किलोमीटरवर, तिरुवळ्ळूर जिल्ह्यात, आंध्रच्या सीमेलगत हे गाव आहे. चेन्नई-कोलकाता महामार्ग आणि चेन्नईची उपनगरी रेल्वे येथून जाते. सिपकॉटच्या औद्योगिक वसाहतीमुळे बाहेरून आलेली अनेक कुटुंबे या पट्ट्यात राहतात. जमीन सपाट, समुद्र व पुलिकत सरोवर पूर्वेला, ऊन कडक आणि वर्षाचा बराचसा पाऊस दोन-अडीच महिन्यांत. येथे जी वाट टिकेल, तिचे तत्त्व थोड्या फरकाने कोकणात किंवा मराठवाड्यातही लागू पडेल.

उद्दिष्टे

हा घटक वाचल्यानंतर तुम्हाला पुढील गोष्टी करता येतील :
- प्लॉटवरील पाण्याची दिशा व पातळी ठरवणे.
- गाडीचा भार व माती पाहून पृष्ठभाग निवडणे.
- साहित्याचे प्रमाण स्वतः काढून खर्चाचे पत्रक तयार करणे.
- पैसे कमी असल्यास काम दोन टप्प्यांत कसे विभागावे ते ठरवणे.

१. कामाची वेळ : दिवाळीनंतरचा मुहूर्त येथे चालत नाही

महाराष्ट्रात बाहेरची कामे “दिवाळी झाली की काढू” असे म्हणण्याची पद्धत आहे, आणि ती बरोबरही आहे. आपल्याकडे पाऊस जून ते सप्टेंबर पडतो. चेन्नईच्या परिसरात मात्र मुख्य पाऊस ईशान्य मोसमी वाऱ्यांचा, म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबरचा. वर्षाला सरासरी सुमारे १,४०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला निम्म्याहून अधिक या तीन महिन्यांत येतो. म्हणजे आपल्या सवयीने दिवाळीनंतर खोदकाम सुरू केले, तर ते नेमके भर पावसाळ्यात सुरू होते.

येथे फेब्रुवारी ते एप्रिल हा काळ सर्वांत सोयीचा. मे महिन्यात काम करायचे असल्यास काँक्रीट पहाटे ओतावे, कारण दुपारच्या उन्हात पृष्ठभाग लवकर सुकतो आणि बारीक तडे पडतात. जून ते सप्टेंबरमध्येही संध्याकाळी वळवासारख्या सरी येतात. त्या वेळी ताडपत्री हाताशी ठेवून काम करता येते.

२. पहिला प्रश्न : पाणी कोठे जाणार?

पृष्ठभाग निवडण्याआधी पाण्याचा हिशेब करा. तो अगदी सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते.

या घटकात आपण ३ मीटर रुंद व १२ मीटर लांब, म्हणजे ३६ चौरस मीटर (सुमारे ३८८ चौरस फूट) वाट धरू. त्यावर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर ३,६०० लिटर पाणी जमेल. चेन्नई परिसरात याहून कितीतरी मोठा पाऊस होतो. १ डिसेंबर २०१५ च्या सुमारास तांबरम येथे २४ तासांत सुमारे ४९० मिलिमीटर पावसाची नोंद झाली होती. डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग चक्रीवादळानेही शहर व उपनगरे पाण्याखाली आणली. अशा दिवशी आपल्या एवढ्याशा वाटेवर दहा-पंधरा हजार लिटर पाणी पडते. छतावरचे पाणी त्यात मिसळले तर वेगळेच.

तामिळनाडूत २००३ पासून सर्व इमारतींना पर्जन्यजल संधारण बंधनकारक आहे. त्यासाठी केलेल्या शोषखड्ड्याला वाटेचे पाणी जोडणे चांगलेच. परंतु खड्ड्याची क्षमता ओळखा. १ मीटर लांब, १ मीटर रुंद व दीड मीटर खोल खड्डा दगडगोट्यांनी भरला, तर दगडांमधील पोकळी साधारण ४० टक्के राहते. त्यात एका वेळी सुमारे ६०० लिटर पाणी मावते. रेताड जमिनीत ते लगेच झिरपते, चिकण मातीत तासन्‌तास साचून राहते. म्हणून शोषखड्डा नेहमीच्या पावसासाठी असतो, आणि मोठ्या पावसासाठी वरून वाहून जाण्याचा वेगळा मार्ग ठेवावाच लागतो.

पातळ्या कशा घ्याव्यात?

गवंडी वापरतात ती पारदर्शक पाण्याची नळी यासाठी पुरेशी आहे. पोर्चची फरशी, फाटकाचा उंबरठा, समोरचा रस्ता आणि गटाराचा तळ या चार ठिकाणच्या पातळ्या घेऊन वहीत लिहा. त्यावरून तीन परिस्थिती निघतात.

(अ) पोर्च उंच, रस्ता खाली : सर्वांत चांगली स्थिती. रस्त्याकडे ढाळ द्या. ढाळ साधारण ५० ला १, म्हणजे २ टक्के असावा. १२ मीटर लांबीत तो २४० मिलिमीटर होतो.

(आ) दोन्ही जवळजवळ सारखे : सपाट किनारी भागात हे वारंवार आढळते. लांबीत २४० मिलिमीटर मिळत नसतील, तर आडवा ढाळ द्या. ३ मीटर रुंदीत २ टक्के म्हणजे फक्त ६० मिलिमीटर. एका कडेने उथळ पन्हळ करून पाणी शोषखड्ड्याकडे व पुढे गटाराकडे न्या.

(इ) रस्ता उंच, घर खाली : रस्त्यावर डांबराचे थर चढत गेले की जुन्या घरांची ही अवस्था होते. नव्या घराच्या बाबतीतही पुढील वीस वर्षांचा विचार करून जोत्याची उंची ठेवावी. घर आधीच खाली असेल तर फाटकाच्या आत आडवे जाळीचे चॅनेल आणि पोर्चच्या आधी दुसरे चॅनेल घ्यावे लागते. येथे पैसे वाचवू नका.

फाटक आत उघडत असेल तर आणखी एक गोष्ट तपासा. वाट घराकडे चढत जात असल्यास फाटकाची खालची कड जमिनीला घासते. वाटेची अंतिम पातळी ठरल्याशिवाय फाटक बसवू नये.

फाटकाबाहेरचा उतार सार्वजनिक जागेत व गटारावर वाढवू नका. गटार बुजले की आपलेच पाणी आपल्या दारात थांबते, आणि स्थानिक संस्था तो उतार काढायला लावू शकते. उतार शक्यतो आपल्या हद्दीत बसवा आणि गटारावरील स्लॅबसाठी नगर पंचायतीची किंवा ग्रामपंचायतीची परवानगी घ्या.

३. दुसरा प्रश्न : वाटेवर काय येणार?

आपली मोटार भारासह दीड ते दोन टन भरते. पण वाट ठरवताना सर्वांत जड वाहन मोजायचे असते. चेन्नई परिसरात उन्हाळ्यात पाण्याचा टँकर मागवावा लागतो. ९,००० लिटरच्या टँकरमध्ये नुसते पाणीच ९ टन असते, गाडीचे वजन निराळे. सेप्टिक टाकी उपसणारी गाडीही अशीच जड असते. ही वाहने आत येणार की रस्त्यावर उभी राहून नळी आत घेणार, हे आधी ठरवा. नळी पुरत असेल तर ती आत येऊच नयेत अशी सोय करणे सर्वांत स्वस्त.

सेप्टिक टाकी किंवा पाण्याची टाकी वाटेखाली येत असेल, तर तिचा स्लॅब वाहनाचा भार धरून अभियंत्याकडून ठरवून घ्या. झाकणे पृष्ठभागाखाली गाडली जाणार नाहीत हेही पाहा.

४. तिसरा प्रश्न : खाली जमीन कशी आहे?

नव्या घराच्या वाटेची सर्वांत कमकुवत जागा म्हणजे नुकताच टाकलेला भराव. जोत्याभोवतीचे खोदकाम, सांडपाण्याची व नळाची चर हे सर्व मोकळ्या मातीने बुजवलेले असते. ती माती एक-दोन पावसाळे बसत राहते आणि वरचा पृष्ठभाग तेथेच खचतो.

वाटेच्या मध्यावर अर्धा मीटर खड्डा खणून पाहा. ओल्या मातीचा गोळा हातात घेऊन त्याची वळी वळता आली, तर माती चिकण आहे. वळी वळत नाही व कण सुटे होतात, तर ती रेताड आहे. चिकण मातीवर पायाचा थर जाड हवा, रेताडीवर तो कमी चालतो. विदर्भ-मराठवाड्यातील काळ्या मातीत तर फुगण्या-आकसण्याचा त्रास असल्याने ती काही खोलीपर्यंत काढून मुरूम भरावा लागतो.

पायाचे साहित्य विकत घेताना शब्दांचा फरक लक्षात ठेवा. आपण ज्याला खडी म्हणतो तिला तेथे ‘जल्ली’ म्हणतात, वाळूला ‘मणल’, गवंड्याला ‘मेस्त्री’, आणि मुरमासारख्या तांबड्या मातीला ‘ग्रॅव्हल’. आपला ‘ब्रास’ म्हणजे १०० घनफूट, म्हणजेच २.८३ घनमीटर. तेथे याच मापाला ‘युनिट’ म्हणतात. भाव विचारताना ट्रकवर न जाता युनिटवर विचारा.

पोलाद भट्टीचा स्लॅग कोणी भराव म्हणून स्वस्तात देऊ केला, तर सावध राहा. त्यात मोकळा चुना असेल तर पाणी लागल्यावर तो फुगतो आणि वरचा पृष्ठभाग उचलला जातो.

पाया १०० ते १५० मिलिमीटरच्या थरांत टाकून, पाणी शिंपडून, प्लेट कॉम्पॅक्टरने किंवा छोट्या रोलरने दाबावा. नुसती धुम्मस कडेच्या अरुंद जागांपुरती वापरा. भरलेली गाडी त्यावरून सावकाश नेऊन पाहा. चाकाखाली जमीन दबताना दिसली तर काम पुढे नेऊ नका.

५. पृष्ठभागांची तुलना

मुरूम व खडी : सर्वांत स्वस्त आणि पाणी मुरू देणारी. परंतु जोराच्या पावसात ती वाहते, गटारात जाते आणि दरवर्षी भर घालावी लागते. कडेला दगड बसवून सपाट जागेत चालते, उतारावर नाही.

पेव्हर ब्लॉक : भारतीय मानक आयएस १५६५८ मध्ये वाहतुकीनुसार जाडी व प्रत दिली आहे. हलक्या वाहतुकीसाठी ६० मिलिमीटर व एम-३५, मध्यम वाहतुकीसाठी ८० मिलिमीटर व एम-४० असा तो क्रम जातो. ५० मिलिमीटरचे ब्लॉक पायवाटेसाठी असतात. ते मोटारीखाली वापरू नका. फक्त मोटार असेल तर ६०, टँकर येणार असेल तर ८०. मोठा फायदा असा, की खालची पाइप दुरुस्त करायची झाल्यास ब्लॉक काढून पुन्हा बसवता येतात. कडेचे कर्ब मात्र हवेतच. ते नसतील तर ब्लॉक हळूहळू बाहेर सरकतात व सांधे उघडे पडतात. माशाच्या काट्यासारखी मांडणी गाडीच्या वळण्या-थांबण्याला सर्वांत चांगली धरते.

साधे काँक्रीट : भक्कम व कमी देखभालीचे. मोटारीसाठी १२५ मिलिमीटर जाडी धरावी. तडे जाऊ नयेत म्हणून दर ३ मीटरवर जाडीच्या एक-चतुर्थांश खोलीचा सांधा कापावा. आपल्या १२ मीटरच्या वाटेत तीन सांधे येतील आणि ३ × ३ मीटरचे चार चौकोन होतील. पोर्च व फाटकाच्या खांबांपासून वाट वेगळी ठेवण्यासाठी बारीक फट ठेवून त्यात डांबरी बोर्ड भरावा. वरून झाडूचा खरवडा द्यावा, घोटून गुळगुळीत करू नये.

अनेक ठेकेदार सळईची जाळी सुचवतात. ८ मिलिमीटरची सळई दोन्ही दिशांना २०० मिलिमीटरवर टाकल्यास या वाटेत सुमारे १५० किलो पोलाद लागते. सळईने तडा जाणे थांबत नाही. पडलेला तडा ती आवळून धरते. किनारी हवेत आवरण कमी पडले तर हीच सळई गंजून काँक्रीट फोडते. आयएस ४५६ नुसार सळईयुक्त काँक्रीटची प्रत परिस्थितीनुसार एम-२० वरून एम-२५, एम-३० अशी वाढवावी लागते. म्हणून पाया पक्का असेल आणि फक्त मोटार जाणार असेल, तर सांधे नीट कापलेले साधे काँक्रीट अधिक शहाणपणाचे. त्यात गंजण्यासारखे काही नसते.

दोन चाकपट्ट्या : जुन्या बंगल्यांत दिसणारी ही रीत आजही उपयोगी आहे. प्रत्येकी ७५ सेंटिमीटर रुंदीच्या काँक्रीटच्या दोन पट्ट्या आणि मध्ये ७५ सेंटिमीटर गवत किंवा खडी. काँक्रीट निम्मे लागते आणि पाणी मधल्या जागेत मुरते. वाट सरळ असेल तरच हे चालते. वळण असेल तर मागचे चाक पट्टीवरून उतरते.

दगडी फरशी : चेन्नईला कडप्पा जवळ पडतो, महाराष्ट्रात शहाबादी. दोन्ही दगड गुळगुळीत केले तर पावसात घसरतात, म्हणून खरखरीत पृष्ठभागाचे व जाड दगड घ्यावे आणि खाली काँक्रीटचा थर द्यावा. त्यामुळे हा पर्याय महाग पडतो. घरातल्या व्हिट्रिफाइड टाइल्स वाटेवर कधीही लावू नका.

डांबर : रस्त्यासाठी उत्तम, पण ३६ चौरस मीटरसाठी गरम मिश्रण व रोलर आणणे परवडत नाही. कडक उन्हात उभ्या गाडीखाली ते मऊ पडते आणि गळलेल्या डिझेलने विरघळते.

६. खर्चाचे पत्रक

आता हिशेब करू. पुढील दर रीत समजावण्यासाठी धरले आहेत. तुम्ही त्या जागी तीन ठिकाणी चौकशी करून मिळालेले दर घाला. प्रमाणे मात्र मोजमापावरून काढलेली आहेत.

पर्याय १ : ६० मिलिमीटर पेव्हर ब्लॉक (ब्लॉक ६०, वाळू ३०, पाया १५०, एकूण खोली २४० मिलिमीटर)

- खोदकाम व माती हलवणे : ८.७ घनमीटर × रु. ४०० = रु. ३,४८०
- पायाची खडी-ग्रॅव्हल : ५.४ घनमीटर दाबलेली, म्हणजे सुटी सुमारे अडीच ब्रास × रु. ४,५०० = रु. ११,२५०
- दाबाई, यंत्राच्या भाड्यासह : रु. ४,०००
- पाइप व शोषखड्डा : रु. ८,०००
- जाळीचे चॅनेल : रु. ४,०००
- कर्ब : ३० मीटर × रु. २५० = रु. ७,५००
- वाळू : अर्धा ब्रास × रु. ६,००० = रु. ३,०००
- ब्लॉक : ५ टक्के तूट धरून ३८ चौरस मीटर × रु. ५०० = रु. १९,०००
- बसवण्याची मजुरी : ३६ चौरस मीटर × रु. २०० = रु. ७,२००

बेरीज रु. ६७,४३०. अनपेक्षित खर्चासाठी १० टक्के धरून एकूण रु. ७४,१७३.

हे पत्रक नीट पाहा. ठेकेदार तुम्हाला “ब्लॉक लावून” जो भाव सांगतो त्यात फक्त शेवटच्या दोन ओळी असतात : रु. २६,२००, म्हणजे चौरस फुटाला सुमारे रु. ६८. प्रत्यक्षात वाट पूर्ण करायला चौरस फुटाला सुमारे रु. १९१ लागले. नुसत्या ब्लॉकचा वाटा तर एकूण खर्चाच्या चौथाईच आहे. दोन ठेकेदारांच्या भावांत मोठी तफावत दिसली, तर स्वस्त भावात पाया, दाबाई, कर्ब व निचरा यांपैकी काय गाळले आहे ते आधी शोधा.

पर्याय २ : १२५ मिलिमीटर साधे काँक्रीट, १०० मिलिमीटर पाया

- खोदकाम : ८.१ घनमीटर × रु. ४०० = रु. ३,२४०
- पाया : १.६५ ब्रास × रु. ४,५०० = रु. ७,४२५
- दाबाई : रु. ४,०००
- एम-२० काँक्रीट, मजुरीसह : ४.५ घनमीटर × रु. ८,००० = रु. ३६,०००
- फळ्या, सांधे कापणे, खरवडा : रु. ५,०००
- पाणी मारणे : रु. २,०००
- पाइप, शोषखड्डा व चॅनेल : रु. १२,०००

बेरीज रु. ६९,६६५. १० टक्क्यांसह रु. ७६,६३२. जागेवर १ : १.५ : ३ प्रमाणाने मिश्रण केल्यास घनमीटरला सुमारे ८ पोती सिमेंट लागते, म्हणजे एकूण सुमारे ३६ पोती. पोती मोजून घ्या. त्यांचा आकडा बराच कमी भरला, तर मिश्रण हलके झाले आहे.

पर्याय ३ : दोन चाकपट्ट्या. काँक्रीट २.२५ घनमीटर रु. १८,०००, खोदकाम रु. १,६२०, पाया रु. ३,८२५, दाबाई रु. ३,०००, फळ्या व सांधे रु. ५,०००, पाणी मारणे रु. १,०००, मधली खडी किंवा गवत रु. ३,०००, निचरा रु. १२,०००. बेरीज रु. ४७,४४५. १० टक्क्यांसह सुमारे रु. ५२,१९०.

पहिल्या दोन पर्यायांत फरक फार थोडा आहे. तेव्हा ब्लॉक की काँक्रीट हा निर्णय केवळ भावावर घेऊ नये. वाटेखालून पाइप व केबल जात असतील, पुढे बांधकाम वाढवायचे असेल, भराव नवा असेल, तर ब्लॉक घ्या. खालची जमीन मूळची पक्की असेल आणि देखभाल नको असेल, तर काँक्रीट. वाट सरळ असेल आणि पैसे मोजके असतील, तर चाकपट्ट्या.

७. पैसे कमी असतील तर : दोन टप्पे

पैसे अपुरे असले की लोक पाया पातळ करतात आणि वरचा पृष्ठभाग चांगला घेतात. नेमके उलट करा. पहिल्या वर्षी खोदकाम, पाया, दाबाई, पाइप व शोषखड्डा एवढेच करा. वरील दरांनी हे १० टक्क्यांसह रु. २९,४०३ होतात. त्यावर गाडी चालवा. अंतिम पातळीपेक्षा पाया ९० मिलिमीटर खाली असल्याने पाणी साचू नये, म्हणून एका कडेने तात्पुरती चर काढून शोषखड्ड्याला जोडा. कर्ब व चॅनेल मात्र आता बसवू नका.

एक पावसाळा जाऊ द्या. भराव कोठे खचला, पाणी कोठे थांबले हे जमीनच दाखवून देईल. फेब्रुवारीत त्या जागी भर घालून पुन्हा दाबा आणि मग चॅनेल, कर्ब, वाळू व ब्लॉक बसवा. त्याचा खर्च रु. ४४,७७०. एकूण रक्कम तीच राहते, पण उरलेले पैसे जमवायला वर्षभर मिळते आणि नव्या भरावाचा धोका बराच कमी होतो.

पहिल्या टप्प्यातच वाटेखालून दोन रिकाम्या पीव्हीसी पाइप आडव्या टाकून ठेवा. पुढे दिव्याची केबल किंवा बागेची नळी न्यायची झाल्यास वाट उकरावी लागणार नाही.

८. देखरेख आणि करार

ब्लॉक घेताना एक सोपी तपासणी घरी करता येते. कोरडा ब्लॉक वजन करा, २४ तास पाण्यात ठेवा, पुसून पुन्हा वजन करा. ३ किलोचा ब्लॉक ३ किलो १५० ग्रॅम झाला, तर शोषण ५ टक्के. मानकात सरासरी मर्यादा ६ टक्के आहे. घरची चाचणी ढोबळ असली तरी १० टक्के पाणी पिणारा ब्लॉक तिच्यात सापडतो.

वाळूचा थर पायाचे खड्डे भरण्यासाठी वापरू देऊ नका. तो सर्वत्र सारखाच ३० मिलिमीटर असावा. वाळूऐवजी खडीची भुकटी वापरली तर ती पाणी धरून ठेवते. काँक्रीट असेल तर साध्या सिमेंटला किमान ७ दिवस आणि राखमिश्रित सिमेंटला १० दिवस ओल्या गोणपाटाखाली ठेवा.

करारात थरांची जाडी, ब्लॉकची प्रत, ढाळ, निचरा आणि कर समाविष्ट आहेत की नाहीत हे लिहून घ्या. सिमेंटवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झाला आहे. त्याआधीचे दरपत्रक असल्यास नवे मागा. पैसे टप्प्याने द्या : पाया दाबून तपासल्यावर एक भाग, पृष्ठभाग झाल्यावर दुसरा, आणि साधारण १० टक्के पहिल्या मोठ्या पावसानंतर. पाऊस पडेपर्यंत थांबायचे नसेल, तर टाकीतले पाणी नळीने पोर्चजवळ सोडून ते कोठे जाते ते ठेकेदारासमोर पाहा.

सारांश

वाटेचा विचार पाणी, भार, जमीन आणि मग पृष्ठभाग या क्रमाने करावा, आणि पैसेही त्याच क्रमाने खर्च करावेत. वरचा थर नंतर बदलता येतो. चुकलेला ढाळ आणि कच्चा पाया बदलायचा म्हणजे सगळी वाट पुन्हा उकरावी लागते.

स्वाध्याय

१. तुमच्या घरासमोरील वाटेचे क्षेत्रफळ मोजा. १५० मिलिमीटर पावसात तिच्यावर किती लिटर पाणी जमेल?
२. पोर्च, फाटक, रस्ता व गटार यांच्या पातळ्या पाण्याच्या नळीने घ्या. तुमची स्थिती (अ), (आ), (इ) यांपैकी कोणती?
३. १० मीटर लांब व ३ मीटर रुंद वाटेसाठी १५० मिलिमीटर दाबलेला पाया करायचा आहे. दाबण्यापूर्वीचे साहित्य २७ टक्के अधिक धरल्यास किती ब्रास लागेल? (उत्तर : सुमारे २ ब्रास)
४. तुमच्या गावातील तीन ठिकाणचे दर घेऊन पर्याय १ व ३ यांचे पत्रक तयार करा आणि दोन टप्प्यांतील रक्कम वेगळी दाखवा.